पवईचे स्नातक : एका तंत्रशिक्षणसंस्थेची वाटचाल

पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेची पदवी घेऊन पन्नास वर्षे पुरी केलेल्या स्नातकांच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. इमारतींचा, विभागांचा आणि संचालकांच्या कारकिर्दींचा वृत्तान्त संस्थेच्या दप्तरी व्यवस्थित नोंदलेला असल्यामुळे तो येथे पुन्हा उतरवण्याने वाचकांच्या पदरी नवे काही पडेल असे वाटेना. म्हणून येथून बाहेर पडलेली माणसे पुढे कोठे गेली, काय करती झाली आणि ते सारे संस्थापकांच्या मूळ योजनेशी कितपत जुळले, या अंगाने ही हकीकत सांगण्याचे योजिले आहे. ज्या असंख्य अध्यापकांनी, कार्यशाळांतील कारागिरांनी, ग्रंथपालांनी, कारकुनांनी आणि वसतिगृहांच्या मुदपाकखान्यांतील सेवकांनी ही संस्था उभी केली, त्या सर्वांची नावे देणे स्थलाभावी शक्य नाही. पुढील मजकुरात ‘संस्थेने केले’ असे जेथे जेथे म्हटले आहे, तेथे ते त्या सर्वांनी मिळून केले असे समजावे.

१९४६ ते १९६० : तजवीज आणि पायाभरणी

महायुद्धोत्तर औद्योगिक पुनर्रचनेला लागणारे अभियंते आणायचे कोठून, हा प्रश्न दिल्लीच्या सरकारपुढे उभा राहिला तेव्हा नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, आणि तिने १९४६ च्या सुमारास सादर केलेल्या अंतरिम अहवालात देशाच्या चार भागांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेच्या धर्तीवर चार उच्च तंत्रशिक्षणसंस्था काढाव्यात, अशी शिफारस केली. पूर्वेची संस्था १९५१ साली खरगपूरजवळ हिजली येथे, जेथे पूर्वी राजबंद्यांची छावणी होती त्याच वास्तूत सुरू झाली. पश्चिमेची संस्था मुंबईत व्हावी हे ठरलेले असले तरी जागा, पैसा आणि यंत्रसामग्री या तिन्ही गोष्टींची तरतूद होईपर्यंत आणखी काही वर्षे लोटली.

यंत्रसामग्रीचा प्रश्न युनेस्कोच्या द्वारे सोव्हिएत संघाने दिलेल्या साहाय्यामुळे सुटला. परकीय मदतीने उभारलेली या मालिकेतील ही पहिली संस्था होय; पुढे मद्रासला पश्चिम जर्मनीने, कानपूरला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांच्या संघाने आणि दिल्लीला ब्रिटनने हात दिला, त्याचा पायंडा येथे पडला. योजनेचा खर्डा प्रत्यक्षात उतरवण्याच्या कामी ज्यांचा फार मोठा वाटा होता ते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९५९ साली ते कानपूरच्या नव्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून गेले आणि अकरा वर्षांनी पुन्हा पवईस संचालकपदी रुजू झाले. दोन संस्थांच्या पायाभरणीत ज्याचा हात लागला, अशा या मराठी माणसाविषयी मराठीत फारसे लेखन आढळत नाही, याची खंत येथे नोंदवून ठेवतो.

२५ जुलै १९५८ रोजी पहिले सत्र सुरू झाले ते पवईत नव्हे, तर वरळीला, कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधनसंस्थेच्या म्हणजे ‘सस्मिरा’च्या इमारतीत. ३,४०० हून अधिक अर्ज आले होते आणि त्यांतून १०० उमेदवार निवडले गेले. रासायनिक, स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि धातुशास्त्र अशा पाच शाखा होत्या. तिकडे राज्य सरकारने दिलेली सुमारे ५५० एकर जमीन एका अंगास विहार व दुसऱ्या अंगास पवई या दोन तलावांच्या बेचक्यात, गवताने आणि झाडोऱ्याने माजलेली पडून होती. १० मार्च १९५९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली. कोनशिला बसली तेव्हा हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात होता आणि संस्था १९६० साली वरळीहून पवईस आली त्याच वर्षी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

१९६१ ते १९७० : पहिल्या तुकड्या

१९६१ च्या कायद्याने संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून दर्जा आणि स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला, आणि १९६२ साली पहिली तुकडी बाहेर पडली. ब्रिगेडियर एस. के. बोस हे पहिले संचालक. लष्करी शिस्तीत वाढलेल्या या गृहस्थांनी वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि रस्ते एकाच वेळी उभे करण्याचे अवघड काम ज्या नेटाने पार पाडले, त्याची आठवण जुने लोक अजून काढतात. युनेस्कोच्या योजनेखाली सोव्हिएत देशातून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ येऊन गेले, येथील २७ अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि १९६५ मध्ये दोन्ही सरकारांत थेट करार होऊन हे साहाय्य पुढे चालू राहिले.

त्या काळच्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जाई, हे आज सांगितल्यावाचून नव्या पिढीस कळणार नाही. सकाळच्या तासांना गणित आणि पदार्थविज्ञान आटोपले की दुपारी कार्यशाळेत लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा हाती येई. तो शेगड्यात पकडून कानशीने घासत घासत चारी कडा काटकोनात आणायच्या, गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, आणि फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की निदेशकाने एक शब्दही न बोलता तो परत शेगड्याकडे सरकवायचा. पुढे ज्यांनी उभ्या आयुष्यात कानस हातात धरली नाही त्यांनाही या तुकड्याचा विसर पडत नाही. गणनासाठी खिशात स्लाइड रूल, आरेखनासाठी काखेत टी-स्क्वेअर, आणि कांजूरमार्गच्या बाजूने संस्थेकडे येताना पावसाळ्यात चिखल तुडवलेले बूट, असा एकूण सरंजाम असे.

या पहिल्या तुकड्यांतील स्नातकांनी संस्थापकांच्या अपेक्षेप्रमाणेच आपले मार्ग धरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनेतील पोलादाचे व अवजड यंत्रांचे सार्वजनिक कारखाने, तुर्भ्याचे अणुशक्ती केंद्र, आणि घराजवळ म्हणावे तर पवईलाच तलावापलीकडे असलेली लार्सन अँड टुब्रो, विक्रोळीचे गोदरेज, मुलुंड-भांडुपच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने, यांतून त्यांच्या नेमणुका होत. मात्र दशकाच्या उत्तरार्धात चित्र पालटू लागले. १९६६ नंतरच्या औद्योगिक मंदीत अभियंत्यांच्या जागा आटल्या, आणि त्याच सुमारास अमेरिकेने १९६५ चा नवा कायदा करून आशियाई देशांतील शिक्षितांना आपली दारे उघडली. एका बाजूने ढकल आणि दुसऱ्या बाजूने ओढ, असा तो प्रकार होता. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे खिशात केवळ आठ डॉलर घेऊन तरुण मंडळी सांताक्रूझच्या विमानतळावरून रवाना होऊ लागली.

१९६७ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले दोघे या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहेत. अरुण नेत्रावळी यांनी राइस विद्यापीठात संशोधन करून १९७२ साली बेल प्रयोगशाळेत प्रवेश केला, चलच्चित्रे अंकीय स्वरूपात संक्षिप्त करून पाठवण्याच्या तंत्रावर मूलगामी काम केले आणि १९९९ मध्ये त्या जगद्विख्यात प्रयोगशाळेचे अध्यक्षपद भूषविले. आज आपण घरोघरी पडद्यावर जी चित्रे पाहतो त्यांच्यामागे त्या कामाचा अंश आहे. दुसरे कंवल रेखी. त्यांनी एक्सेलान ही संगणकजोडणीची कंपनी काढून १९८७ मध्ये ती अमेरिकेच्या भांडवलबाजारात नेली. तेथील भारतीयांत हे धाडस तेव्हा अपूर्व होते.

१९७१ ते १९८० : नाना वाटा

संस्थेच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय दशक कोणते असे कोणी विचारले, तर प्रस्तुत लेखक या दशकाकडे बोट दाखवील, कारण अभियंता म्हणजे कारखान्यातील मनुष्य हे समीकरण याच काळात मोडले.

१९७२ चा काळ आठवावा. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता, आणि तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात गहाण पडलेल्या आदिवासींच्या जमिनी सोडवण्याची चळवळ अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने पेटली होती. पवईतच शिकलेले कुमार शिराळकर हे त्या चळवळीत गेले आणि जन्मभर कष्टकऱ्यांच्या कामात राहिले. १९७२ साली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेले सोलापूरचे अच्युत गोडबोले हेही काही काळ शहाद्यास जाऊन राहिले आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवासही पत्करला. पुढे संगणक-कंपन्यांत मोठमोठे हुद्दे सांभाळून त्यांनी विज्ञान, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन हे विषय मराठी वाचकांच्या घरी पोचवले, ते सर्वांना माहीत आहेच. तंत्रशिक्षणावर सरकारने केलेला खर्च अशा रीतीने फुकट गेला काय, असा प्रश्न त्या वेळी विचारला जात असे. या लेखकाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे एक कारण पुढे येईलच.

याच काळात सोव्हिएत बनावटीचा ई.सी. १०३० हा संगणक संस्थेत आला. एका दालनभर पसरलेल्या त्या यंत्राशी विद्यार्थ्याची थेट गाठ पडत नसे. आज्ञावलीची प्रत्येक ओळ एका पुठ्ठ्याच्या पत्रावर छिद्रे पाडून उतरवायची, पत्रांची चवड रबराने बांधून खिडकीत द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी निकालाचा कागद घ्यायला यायचे. एखादा स्वल्पविराम चुकला असला तर कागदावर तेवढेच छापून येई, आणि पुन्हा रांग. चवड हातातून निसटून जिन्यावर विखुरली तर ती क्रमवार लावण्यात रात्र जाई. या शिक्षेतून जे तरले त्यांना घाईने विचार करण्याची सवय राहिली नाही.

१९७८ च्या पदवीधरांची यादी तर डोळ्यांखालून घालण्याजोगी आहे. विद्युत अभियांत्रिकीत नरेंद्र करमरकर आणि नंदन नीलेकणी, धातुशास्त्रात म्हापशाचे मनोहर पर्रीकर. एक गणिती झाला, एक उद्योजक, एक राज्यकर्ता. तिघांपैकी एकानेही सरकार समितीच्या अहवालात ज्याची कल्पना केली होती तो हुद्दा धरला नाही. आधीच्या तुकड्यांपैकी १९७५ चे जयराम रमेश हेही यंत्रे सोडून अर्थकारण व राजकारण यांकडे वळले.

परदेशगमनाचा प्रश्न या वर्षांत ऐरणीवर आला. संस्थेतील यांत्रिकीचे प्राध्यापक आणि पुढे संचालक झालेले डॉ. सुहास सुखात्मे यांनी सहकाऱ्याच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत असे आढळले की, १९७३ ते १९७७ या काळातील स्नातकांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशी स्थायिक झाले होते. वर्तमानपत्री चर्चेतून सगळेच निघून जातात असा जो समज पसरला होता, त्याला या आकड्याने छेद दिला. तथापि दहांपैकी तिघे जाणे ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि तक्रार रास्तच होती. आपल्याच संस्थेची अशी झाडाझडती आपल्याच अध्यापकाने घ्यावी, हे मात्र संस्थेस भूषणावह होय.

या दशकात व पुढेही अंतर्गत व्यवस्थेच्या काही प्रश्नांवर विद्यार्थी, सेवकवर्ग आणि व्यवस्थापन यांच्यात मतभेदाचे प्रसंग आले. सर्वांच्या समंजसपणाने ते निवळले, आणि त्यांचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही.

१९८१ ते २००० : सॉफ्टवेअर आणि परतफेड

करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना रेषीय प्रायोजनाची नवी रीत जाहीर केली. मर्यादित साधनांतून अधिकाधिक लाभ कसा साधावा, हा या गणिताचा विषय. विमानांची वेळापत्रके असोत की दूरध्वनीच्या तारांचे जाळे, सर्वत्र त्याचा उपयोग. १९४७ पासून रूढ असलेली डँट्झिग यांची रीत शक्यतांच्या बहुपृष्ठकाच्या कडाकडांनी, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर चालत जाई. करमरकरांनी त्याच्या पोटातूनच वाट काढली. अमेरिकन वृत्तपत्रांनी त्याची पहिल्या पानावर दखल घेतली, आणि गणिताच्या रीतीवर स्वामित्वहक्क घेता येतो काय यावर वादही माजला.

नीलेकणी यांनी सहा सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये इन्फोसिस स्थापन केली होतीच. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर सॉफ्टवेअरचा व्यवसाय ज्या वेगाने वाढला त्याने स्थापत्य, धातुशास्त्र, रसायन असा शाखाभेद जणू पुसून टाकला. कोणत्याही विभागाचा पदवीधर संगणकाच्या पडद्यापुढे बसू लागला. धातूची भट्टी शिकलेल्याने बँकांच्या आज्ञावल्या लिहाव्यात, याचे जुन्या अध्यापकांना वाईट वाटे, आणि ते समजण्यासारखे आहे.

१९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. या केंद्राच्या कामाचा गाजावाजा झाला नाही, परंतु पाणी, इंधन आणि शेतीची अवजारे यांविषयी तेथे जे चालते ते मूळ उद्दिष्टाच्या फार जवळचे आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्रही याच काळात बहराला आले. देवनागरीचे थोर अक्षरशिल्पी र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. संगणकांवर वर्षानुवर्षे वापरला गेलेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच हातचा.

१९९५ मध्ये व्यवस्थापनशाळा सुरू झाली, तिला पुढे माजी विद्यार्थी शैलेश मेहता यांचे नाव मिळाले; रेखी यांच्या देणगीतून माहिती-तंत्रज्ञानाची शाळा उभी राहिली. अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांनी संस्थेसाठी स्वतंत्र निधीही स्थापन केला. जे गेले ते गेलेच, असे म्हणणाऱ्यांना या हिशेबाची वही उघडून पाहावी लागली.

२००१ ते २०१० : राज्यकारभार, आधार आणि रुपया

२००० साली पर्रीकर गोव्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा या मालिकेतील संस्थांत शिकलेला मनुष्य एखाद्या राज्याच्या प्रमुखपदी प्रथमच आला. पुढे २०१४ ते २०१७ या काळात ते देशाचे संरक्षणमंत्री होते. २००९ मध्ये नीलेकणी यांनी कंपनी सोडून ओळखक्रमांक प्राधिकरणाची जबाबदारी घेतली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी दिला गेला. हे गाव शहादा तालुक्यात येते. १९७२ मध्ये ज्या तालुक्यात पवईचे तरुण जमिनीच्या प्रश्नासाठी गेले, तेथेच अडतीस वर्षांनी पवईचा दुसरा स्नातक राज्ययंत्रणेच्या वतीने ओळखीचा कागद घेऊन पोचला. पहिले काम मोठे की दुसरे, यावर वाचकांनी आपापले मत बनवावे. दोन्ही कामे एका आवारात शिकलेल्यांच्या हातून झाली, एवढे निश्चित.

त्याच वर्षी १५ जुलै रोजी रुपयाच्या नव्या चिन्हास केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. ते रेखणारे डी. उदयकुमार हे औद्योगिक अभिकल्प केंद्रातच डॉक्टरेट केलेले. हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेचे अधिष्ठातापद १९८४ चे रासायनिक अभियंते नितीन नोहरिया यांच्याकडे आले तेही २०१० मध्येच.

२०११ पासून आजपर्यंत

२००४ मध्ये संस्थेने उद्योजकतेसाठी जे संगोपनकेंद्र काढले, त्याची फलनिष्पत्ती या काळात दिसू लागली. पूर्वी नोकरीसाठी सांताक्रूझचा विमानतळ गाठणारे तरुण आता पवईतच भाड्याच्या खोल्यांत कचेऱ्या थाटू लागले. संगणकशास्त्राचे २००८ चे पदवीधर भाविश अग्रवाल यांनी २०१० मध्ये सहाध्यायासह ओला ही टॅक्सीसेवा काढली. वैमानिकरहित विमाने बनवणारी आयडियाफोर्ज ही येथील स्नातकांचीच कंपनी. तिचे भाग २०२३ मध्ये शेअरबाजारात विक्रीस आले. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. तो तयार होईपर्यंत विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या बदलल्या, आणि ज्यांनी आरंभ केला ते उड्डाणाच्या वेळी केव्हाच नोकरीधंद्याला लागले होते.

मुलींची अत्यल्प संख्या हा दीर्घकाळचा दोष होता. २०१८ पासून अधिक जागा निर्माण करून तो दूर करण्याचे काम सुरू झाले आहे. हा उपाय किमान वीस वर्षांपूर्वी व्हायला हवा होता.

देणग्यांच्या बाबतीत अलीकडची वर्षे अपूर्व म्हणावी लागतील. आपल्या प्रवेशास पन्नास वर्षे झाल्याबद्दल नीलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, पूर्वीचे ८५ कोटी धरून ही रक्कम ४०० कोटी होते. १९७१ च्या तुकडीने सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ४१ कोटी जमवले होते, तो विक्रम १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवात ५७ कोटी देऊन मोडला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते संस्थेच्या आवारात रक्ताच्या कर्करोगावरील भारतीय बनावटीच्या पेशी-उपचाराचे लोकार्पण झाले. संस्थेतील संशोधकांनी टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने तो सिद्ध केला असून परदेशातील अशा उपचाराच्या मानाने त्याचा खर्च बराच कमी आहे.

येथवर ज्यांची नावे आली ती वृत्तपत्रांत वारंवार येणारी आहेत, आणि लेखकास ती सहज उपलब्ध झाली. परंतु तुर्भ्यात, भिलाईत, विक्रोळीत आणि भांडुपच्या कारखान्यांत पस्तीस-पस्तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले, आज मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या सोसायट्यांत राहणारे जे शेकडो स्नातक आहेत, त्यांच्या कामाची नोंद फारशी कोठे झालेली नाही. आणि संस्थापकांनी ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते तर हेच. म्हणून मेळाव्यास येणाऱ्या प्रत्येक स्नातकास विनंती अशी की, आपण कोठे नोकरीस लागलात, कोणते यंत्र, पूल, भट्टी वा आज्ञावली आपल्या हाताखालून गेली, आणि त्यात काय अडले, एवढा मजकूर दोन-तीन पृष्ठांत लिहून, जमल्यास एखाद्या जुन्या छायाचित्रासह, संपादक मंडळाकडे द्यावा. पुरेसा मजकूर जमा झाल्यास या स्मरणिकेची पुरवणी काढण्याचा मंडळाचा मानस आहे.